एका ओळीचं उत्तर म्हणजे आळस नव्हे

‘परिच्छेदभर लिहितो तो मन लावून खेळतो, एका ओळीत उत्तर देतो तो टाळाटाळ करतो’ हे टेक्स्ट रोलप्लेवरच्या (आपापल्या पात्राच्या भूमिकेतून आळीपाळीने लिहीत कथा रचण्याच्या खेळावरच्या) लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी चार वर्षं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर असा रोलप्ले करतेय, दोन्ही पद्धतींनी. मागे एका कथेत आमच्या दोन पात्रांचं, सख्ख्या बहिणींचं, कडाक्याचं भांडण चालू होतं. जोडीदारीण दर वेळी चार परिच्छेद पाठवायची: पाऊस, खिडकी, लहानपणच्या आठवणी. लिहायची सुंदर, पण माझ्या पात्राला तिला मध्येच तोडता येईना. भांडणात माणसं एकमेकांना वाक्य पुरं करू देतात का? शेवटी मी नुसतं ‘*दार आपटते* परत येऊ नकोस’ एवढंच लिहिलं आणि प्रसंग एकदम जिवंत झाला. पुढचा तासभर आम्ही दोघी एकेका ओळीत लिहीत होतो.

माझ्या मते लांबी ठरते ती उत्तराची वाट किती पाहावी लागते त्यावर. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा निव्वळ मजकुरावर चालणारा संगणकीय खेळ, तयार झाला; तिथे सगळे एकाच वेळी हजर असत, म्हणून वाक्यं तोकडी. याउलट फोरमवर, म्हणजे ऑनलाइन चर्चामंचावर, उत्तराला दोन दिवस लागतात. तिथे एकच ओळ टाकली तर समोरच्याला धरायला काहीच उरत नाही. तिथे सविस्तर लिहायलाच हवं, आणि मीही लिहिते.