कुरडयांच्या दिवसांत ड्रॅगन

जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकलेला, गच्चीवर उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि कुरडयांची रांग लागलेली, आणि नेमकी ह्याच दिवसांत आम्हा बायकांना हजार पानी फँटसी वाचायची हुक्की येते. मे महिन्यातच का, असं विचारू नये. बाकीच्या महिन्यांत तरी कुठे फुरसत असते?

ह्या साऱ्या प्रकरणातला खरा खलनायक म्हणजे गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. हे तीन दिवस वाचनाला सोन्यासारखे, कारण गहू कुणाला हाक मारत नाहीत. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं आणि जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ घालून उकळायला ठेवायचं. पाणी उकळेपर्यंत दोन पानं होतात. एकदा चीक ओतायला सुरुवात केली की मात्र पुस्तक मिटायचं, मग किल्ल्याचा दरवाजा फुटत असला तरी चालेल. एक हात ओततो, दुसरा ढवळतो, पान उलटायला तिसरा देवाने दिलेला नाही. ढवळणं क्षणभर थांबलं की गुठळी होते, गुठळी सोऱ्याच्या चकतीत अडकते, आणि मग घरात जे युद्ध पेटतं त्याचा नकाशा कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो. म्हणून चिकाच्या दिवशी प्रवासाची प्रकरणं वाचावीत. डोंगर, जंगल, पुन्हा डोंगर. मध्येच सोडली तरी माणसं चालतच असतात.

नावांना घाबरू नये. पुरुष मंडळी शंभराव्या पानावर ‘हा कोण?’ म्हणून पुस्तक ठेवून देतात. आपल्याकडे आहेराची वही असते. तिचेच रकाने पाडायचे: नाव, गाव, कोणाचा कोण, काय दिलं, काय फेडायचं बाकी. शेवटच्या रकान्यात रकमेऐवजी सूड लिहायचा, एवढाच फरक. शेवंतीच्या चुलत दिराच्या साडूला 2009 साली कोणतं पातळ दिलं होतं हे जिला तोंडपाठ आहे, तिच्यासाठी सात राजघराणी म्हणजे दुपारचा विरंगुळा. नकाशाचा मात्र मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. दर वेळी पहिल्या पानावर गेलं की पुस्तकाची पाठ तिथेच मोडते.

खरेदीत फसगत होते ती अशी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेतला तिसरा आणि पाचवा खंड आपल्याकडे येणाऱ्या कागदी बांधणीत दोन-दोन भागांत निघतो. वेष्टनावर ‘भाग दुसरा’ बारीक अक्षरात असतं. तो आधी मागवला तर कोण मेलं हे कळतं, कशाने मेलं हे कळत नाही. शिवाय पाचवा खंड 2011 मध्ये आला आणि सहाव्याची वाट बघणं अजून चालूच आहे. इथल्या धरणांची कामं पाहिलेल्यांना त्याचं विशेष वाटत नाही. धीर नसेल तर रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ ही पुरी झालेली मालिका घ्यावी. 14 खंड, 1990 ते 2013. मूळ लेखक 2007 मध्ये वारले, तरी दुसऱ्याने शेवटचे खंड लिहून काम तडीस नेलं. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’च्या सुरुवातीला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या तंबाखूवर मजकूर आहे. तो खुशाल वगळावा. तंबाखूची माहिती खान्देशात कुणी पुस्तकातून घेत नाही.

वाचायला उत्तम जागा गच्ची. पापडांची राखण हे असं काम आहे की बसून राहिलं तरी कामात धरतात. पुस्तक सावलीत ठेवायचं, कारण तापलेल्या स्लॅबवर पाठीचा डिंक मऊ पडतो आणि पानं सुटून हातात येतात. मार्टिनच्या चौथ्या खंडाच्या नावातच कावळ्यांची मेजवानी आहे. तो वाचताना डोकं वर काढत जा, नाहीतर नाव अक्षरशः खरं होतं.

उरला प्रश्न सासूबाईंचा. ‘काय वाची ऱ्हायनी व माय, खोटंनाटं?’ असं त्या विचारतातच. वाद घालू नये. सातपुड्यात दिवाळीला भरणाऱ्या अस्तंब्याच्या, म्हणजे अश्वत्थाम्याच्या, यात्रेचा विषय काढावा. डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा ज्या घरात खरा, तिथे हजारो वर्षं जगणारे एल्फ पाहुणे म्हणून सहज खपतात. रोज संध्याकाळी शेंगा निवडताना एकेक प्रकरण सांगावं, ड्रॅगन पहिल्याच दिवशी आणू नये. आठवड्याभरात, भर चिकाच्या वेळी, मागून प्रश्न येतो: ‘तो अंगठीवाला पोऱ्या पोचना का नही?’

उत्तर द्यावं. ढवळणं थांबवू नये.