आधी पुंकेसर मोजा

‘फूल हे निसर्गाचं स्त्रीरूप, म्हणून फुलांची शास्त्रीय चित्रं ही मुळातच बायकांची कला. चिकाटी आणि नाजूकपणा त्यांना उपजत. पुरुषांनी विज्ञान केलं, बायकांनी त्याला सौंदर्य दिलं. मुलींनी छंद म्हणून जरूर जोपासावी.’ असा मजकूर सध्या फिरतोय, सोबत गुलाबाचं जुनं देखणं चित्र. वनस्पतिशास्त्राला प्रवेश घेतलेल्या माझ्या भाचीलाही तो कौतुकाने पाठवला गेला. आता गप्प बसवत नाही.

ते गुलाबाचं चित्र रदूते या फुलांच्या प्रसिद्ध चित्रकाराचं आहे. चांगला बाप्या माणूस होता.

आता ‘स्त्रीरूप’. बहुतेक सपुष्प वनस्पतींची फुलं उभयलिंगी असतात, हे शाळेतच शिकवतात. जास्वंदीच्या मधून जो दांडा बाहेर डोकावतो, त्याच्या अंगावर पुंकेसरांची, म्हणजे नर अवयवांची, गर्दी असते आणि टोकाला पाच कुक्षी, म्हणजे स्त्री अवयवाची टोकं. शास्त्रीय चित्रात हेच उघडं करून दाखवायचं असतं: फूल उभं चिरायचं, पुंकेसर मोजायचे, अंडाशयाचा छेद काढायचा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ साली वनस्पतींचे वर्ग पाडले तेच मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि मांडणी बघून. पुढच्याच वर्षी एहरेट या चित्रकाराने त्याचा चित्रमय तक्ता काढला. लिनियस हे सगळं नवरे-बायकोच्या भाषेत सांगायचा. एका बायकोभोवती वीस नवरे! सीगेसबेक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला यात चक्क व्यभिचार दिसला. १७९८ मध्ये पोलव्हील या इंग्रज पाद्र्याने तर वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलींना कवितेतून निर्लज्ज ठरवलं. म्हणजे बाईने फूल लांबून पाहिलं तर ती सुशील, आत डोकावली तर बेशरम. फुलाला ‘स्त्रीरूप’ म्हणणाऱ्यांनी एकदा भिंग घेऊन बसावं.

बायकांनी फुलं भरपूर रंगवली, हे खरं. तेवढं मान्य करते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सुखवस्तू घरांत मुलींना ते मुद्दाम शिकवत. पण का? नग्न मॉडेलवरून मानवी देह रेखाटायच्या वर्गात त्यांना सहसा प्रवेश नव्हता, आणि लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने बायकांना सदस्य करून घेतलं ते १९०४ मध्ये. दारं बंद करायची आणि मग ‘हिला अंगणच आवडतं’ म्हणायचं! याचा उत्तम पुरावा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली. लंडन विद्यापीठात १८२९ साली प्राध्यापक म्हणून पहिलंच व्याख्यान देताना त्याने तक्रार केली, की हे शास्त्र पुरुषांच्या गंभीर विचाराचा विषय न मानता बायकांची करमणूक मानलं जातंय. त्याला ते पुरुषांकडे ‘परत’ आणायचं होतं. पुढे याच लिंडलीच्या प्रकाशनांसाठी सॅरा ड्रेकने एक हजारांहून जास्त चित्रं काढली. विज्ञान कोणाचं आणि सौंदर्य कोणाचं, ही वाटणी फुलाने केलेली नाही.

चिकाटी उपजत? चित्रकार फर्डिनंड बाउअर १८०१ साली ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर निघाला, तिथे प्रत्येक छटेला आकडा देऊन पेन्सिलीने रेखाटनं करत राहिला आणि रंग नंतर भरले. आणि नाजूकपणा म्हणाल, तर चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिच्या चित्रातल्या पेरूच्या फांदीवर कोळी एका चिमुकल्या पक्ष्याला खातोय.

राहिला ‘छंद’. नव्या जातीचं वर्णन छापताना आजही रेखाचित्र देतात, कारण अनेक नमुने पाहून जातीची लक्षणं एकाच पानावर, मापासकट, दाखवता येतात. कुठला केस महत्त्वाचा आणि कुठली सुरकुती नुसती वाळल्यामुळे आली, हे चित्रकाराला ठरवावं लागतं. भाची शिकायला गेली आहे ती त्यासाठीच.