चार पोरं लावून उचलून नेऊ की!

हॉल असो, दवाखाना असो, कुठेही फोन करून विचारा, रॅम्प आहे का हो, व्हीलचेअर येईल का? उत्तर ठरलेलं. "ताई टेन्शन घेऊ नका, चार पोरं लावून उचलून नेऊ की!" बोलणारा मनाने चांगलाच असतो, पण माझं डोकं फिरतं. माझी मावसबहीण व्हीलचेअर वापरते, बँकेत ऑफिसर आहे, ती छान साडी नेसून येणार आणि तिला खुर्चीसकट चार अनोळखी माणसं उचलणार, कोणाचा हात कुठे लागतोय ते तिने गपगुमान सहन करायचं आणि वर पोचल्यावर थँक्यू पण म्हणायचं. बरं मध्येच बाथरूमला जायचं झालं तर? परत चार पोरं? कार्याच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदीचं मुंबईत खारला रजिस्टर लग्न झालं ते आठवतंय? ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सह्या घ्यायला साहेब लोक खाली येईनात. स्वतःच्या लग्नाला तिला उचलून वर न्यावं लागलं. तिने ट्विट केल्यावर फडणवीसांनी माफी मागितली, ठीकाय. पण सार्वजनिक इमारती सुधारायला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेली पाच वर्षं त्याच्या आधीच संपली होती ना! नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सरकारला सांगावं लागलं की नुसत्या शिफारशी नकोत, निकष सक्तीचे करा.

आणि रॅम्प म्हणजे कायपण सिमेंट ओतायचं नसतं हो. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आपल्याकडचे अर्धे रॅम्प म्हणजे घसरगुंडी, त्याच्यावरही कोणीतरी ॲक्टिव्हा लावलेली.

आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या 🙏 म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प, म्हणजे कोणाचं तरी एक पार्किंग जाणार. खरी गोम इथे आहे. मीटिंगला विषय काढला की "पण आपल्याकडे कोणे तसं?" अरे कसं असेल? त्या तीन पायऱ्या बघून व्हीलचेअरवाला इथे फ्लॅट घेईलच कशाला? माणूस दिसत नाही म्हणून रॅम्प नाही आणि रॅम्प नाही म्हणून माणूस दिसत नाही. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर खाली उतरल्या नाहीत, त्या कोणात मोजायच्या?

रविवारी परत मीटिंग आहे, मी परत विषय काढणारे. पाण्याच्या टँकरवरून भांडणं व्हायच्या आत नंबर लागला तर.