गव्यासमोरून वाघ मागे सरला म्हणून हसणाऱ्यांसाठी

आमच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. जंगलातल्या रस्त्यावर वाघ पसरलाय, समोरून एक थोराड नर गवा येतो, मान खाली घालून फुसकारतो, आणि वाघ उठून निमूट झुडपात निघून जातो. संपला व्हिडिओ. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. 'वाघाची शेळी झाली', 'साहेबांचं पोट भरलेलं दिसतंय', 'सफारीच्या जिप्सी गाड्या बघून बघून सुस्तावलेत हे'. मला तर त्यात एक चांगला शहाणा वाघ दिसला.

जरा वजनं बघा. पूर्ण वाढलेला वाघ दोनशे-सव्वादोनशे किलोचा. नर गवा आठशे किलोच्या पुढे, कधी हजाराच्या घरात. वर ती शिंगं. वाघाची एखादी बरगडी मोडली, जबडा निखळला किंवा सुळा तुटला, की त्याला कुणी आणून भरवणार नाही. सिंहाचा कळप असतो, एक लंगडला तरी दुसऱ्याने मारलेल्यात तोंड घालतो. वाघ एकटा. जायबंदी वाघ म्हणजे उपाशी वाघ, आणि उपाशी वाघ बहुतेक वेळा मेलेला वाघ. कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या वाघिणीचं तर साध्या साळिंदराने वाटोळं केलं. एक डोळा गेला, पायात काटे रुतून बसले, आणि रोजची शिकार जमेना म्हणून ती माणसांवर आली. साळिंदर ही गत करतं, तर समोरासमोर उभा ठाकलेला, सावध झालेला गवा काय करेल?

म्हणजे वाघ गवा मारत नाही असं नाही. मारतो, आणि हौसेने मारतो. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्लास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे कुणाला खातात याचा अभ्यास केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. वाघाच्या भक्ष्याचं सरासरी वजन सुमारे ९१ किलो निघालं, बिबट्याचं ३७-३८. जंगलात चितळांचे कळपच्या कळप असताना वाघाची नजर मोठ्या जनावरावर. गव्यांमध्ये मात्र कल वाढत्या वयाच्या जनावरांकडे, आणि चितळ, सांबर, रानडुक्कर यांच्यात मोठ्या नरांकडे. हे नर का सापडतात त्याचा अंदाज बांधता येतो. मोठा नर बरेचदा कळप सोडून एकटा हिंडतो, माजावर आला की त्याचं लक्ष भलतीकडेच असतं, आणि पहाऱ्याला दहा जोड्या डोळे सोबत नसतात. मांस भरपूर, पहारा कमी. वाघाचा हिशेब इथे सुरू होतो.

आपण टीव्हीवर जे बघतो ती शेवटची पाच-दहा सेकंदं. धूळ, डरकाळी, झेप, आणि तीही संथ गतीत दाखवलेली. खरी शिकार त्याआधीच्या तासाभरात होते, आणि ती बघायला भयंकर कंटाळवाणी असते. वाघ पोट जमिनीला टेकवून चार पावलं सरकतो आणि थांबतो. सांबराने मान वर केली की दगड. मान खाली गेली की आणखी दोन पावलं. पुढचा पंजा टेकवताना पाचोळ्यावर भार एकदम टाकत नाही. बरं, आपल्याला भडक नारिंगी दिसणारा तो रंग हरणांच्या डोळ्यांना हिरव्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे उन्हाळी गवतात तो पट्टेदार वाघ त्यांच्या लेखी गवतच.

एवढं सगळं करून वीस-पंचवीस मीटरच्या आत पोचता आलं तर पुढची गोष्ट. धाव छोटी, जोरदार, आणि त्यात जमलं तर जमलं. चित्त्यासारखा पाठलाग करायला त्याचं शरीरच बनलेलं नाही. जॉर्ज शॅलर यांनी साठच्या दशकात कान्हात वाघांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा अंदाज होता की वीसेक प्रयत्नांमागे एखादी शिकार साधते. जागेनुसार हा आकडा बदलेल, पण दिवसाउजेडी हुकलेले हल्ले ज्यांनी पाहिलेत त्यांना तो फार अतिशयोक्त वाटणार नाही.

आणि चितळाने एकदा पाहिलं की संपलं. गंमत अशी की पाहिल्यावर चितळ लगेच पळत नाही. वाघाकडे तोंड करून, शेपटी उभारून, पुढचा पाय आपटत ओरडत राहतं. पर्यटक म्हणतात, 'बघा किती घाबरलंय'. माझ्या मते ते वाघाला सांगत असतं की बाबा, दिसलास, आता उगाच दमू नकोस. वाघही बहुतेक वेळा उठून चालायला लागतो.

पुढचा गैरसमज पाठीवरच्या झेपेचा. कॅलेंडरवरचा वाघ हवेत असतो, चारही पाय सुटलेले. मोठं जनावर पाडताना खरा वाघ मागचे पाय शक्यतो जमिनीवर ठेवतो. मागून किंवा बाजूने येतो, पुढच्या पंजांनी खांदा-मान कवटाळतो, नखं रुतवतो आणि आपल्या वजनाने डोकं खाली ओढतो. कुस्ती बघणाऱ्यांना कळेल, तो उचलून आपटत नाही, समोरच्याचा तोल काढून घेतो. जनावर स्वतःच्याच वजनाने कोसळतं. लहान जनावर असेल तर मानेत सुळे घालून मणका मोडतो. सांबर, रोही, गवा यांची मान इतकी जाड की तिथे सुळे पुरत नाहीत. म्हणून गळा. खालून पकडून श्वासनळी दाबून धरायची आणि सोडायची नाही. यात मिनिटंच्या मिनिटं जातात. तेवढा वेळ वाघ आपलं अंग खुरांच्या आणि शिंगांच्या टप्प्याबाहेर ठेवून चिकटून पडलेला असतो. वाघ 'रक्त पितो' ही समजूत बहुधा याच दृश्यातून आली असावी. तो पीत नाही, धरून बसलेला असतो.

ज्यांना हे प्रत्यक्ष वाचायला शिकायचंय त्यांनी वनरक्षकाबरोबर एखादा पंचनामा बघावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाय किंवा गोऱ्हा मेला की भरपाईसाठी पंचनामा होतो, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, वाघ की बिबट्या की आजार? गळ्याची कातडी सोलून बघतात. सुळ्यांच्या भोकांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलाय. मेलेल्या जनावराला नंतर कुणी तोंड लावलं असेल तर तसं साकळत नाही. मग दोन भोकांमधलं अंतर मोजतात, त्यावरून वाघ की बिबट्या याचा अंदाज येतो. वाघ बहुधा मागच्या मांड्यांकडून खायला सुरुवात करतो आणि चाऱ्याने भरलेली पोटाची पिशवी ओढून बाजूला टाकतो, जेवणार्‍याने कढीपत्ता काढून ठेवावा तशी. गवतातून ओढत नेल्याचा पट्टा सरळ झुडपापर्यंत जातो. चार खुणांत अख्खी रात्र कळते.

प्रत्येक वाघ एकाच पुस्तकातून शिकतो असंही नाही. रणथंभोरला ऐंशीच्या दशकात चंगेज नावाचा नर होता. तिथल्या तळ्यांत पाणवनस्पती खायला सांबरं पोटापर्यंत पाण्यात उतरतात. पाण्यात सांबराला वेग घेता येत नाही हे याने हेरलं, आणि काठावरच्या गवतातून सुटून सरळ तळ्यात घुसून तो सांबरं धरायला लागला. तिथले वनाधिकारी फतेहसिंह राठोड आणि वाघांवर लिहिणारे वाल्मीक थापर यांनी ते पाहिलं आणि नोंदवून ठेवलं. एरवी दबकत येणारा प्राणी भरदिवसा पाणी उडवत धावतोय, कारण तिथे तोच डाव परवडत होता.

मागून येण्याच्या सवयीचा माणसाशीही थेट संबंध आहे. सुंदरबनात ऐंशीच्या दशकात मध गोळा करणाऱ्यांना आणि लाकूडतोड्यांना डोक्याच्या मागे घालायला मुखवटे दिले होते, वाघाला वाटावं हा आपल्याकडेच बघतोय. सुरुवातीला उपयोगही झाला. आपल्याकडे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाया भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मग तेंदूपत्त्याचा हंगाम. कामच वाकून करायचं. उभा माणूस वाघाच्या ओळखीच्या भक्ष्यात बसत नाही, पण झुडपाआड वाकलेली पाठ बसते. अशा प्रत्येक बळीनंतर 'वाघ नरभक्षक झाला' म्हणून गावात आणि चॅनेलवर गदारोळ होतो. काही वाघ खरंच होतात, त्यांना पकडायलाच हवं. पण बरेच प्रसंग अंधारातल्या अंदाजाचे असावेत असं मला वाटतं. घरातलं माणूस गेलेल्यांना हे ऐकवून काही उपयोग नाही, तेही मान्य.

आता माझा खरा राग. दोन पूर्ण वाढलेली बछडी सांभाळणाऱ्या वाघिणीला चार-पाच दिवसांत एक मोठं जनावर लागतं. वीस प्रयत्नांचा हिशेब तिथे लावून बघा. ती तासभर दबा धरून सांबरापाशी पोचत आलेली असते, आणि आपल्या सफारीच्या सहा गाड्या 'पुढे घ्या, पुढे घ्या' करत मधे घुसतात. सांबर उधळतं. वाघीण आपल्याकडे एक नजर टाकून निघून जाते आणि आपण म्हणतो, वा, काय हेड-ऑन (समोरून येणाऱ्या वाघाचा फोटो) मिळाला! ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना गाड्यांनी दोन्हीकडून अडवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालक-गाईडांवर. मागच्या सीटवर उभं राहून ओरडणारे आपण घरी जाऊन फोटो टाकायला मोकळे.

नियम आहेत, अंतर ठरलेलं आहे, इंजिन बंद करायला कुणी मनाई केलेली नाही. पण 'कॉल', म्हणजे वाघ दिसल्यावरचं चितळ-सांबरांचं ओरडणं, सुरू असताना गाईड म्हणाला की इथेच थांबू, तर अर्ध्या गाडीचा चेहरा पडतो, आणि सायटिंग नाही झालं, म्हणजे वाघ दिसला नाही, की बक्षिसीच्या वेळी पाकीट आखडतं. पुढच्या खेपेला तो गाडी पुढेच घेणार. त्याला थांबायचे पैसे द्या की कधीतरी.