‘लाकडाची इमारत उंच जात नाही, टिकत नाही आणि पेटते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावकीच्या आणि वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : परदेशातल्या ज्या इमारतींना ‘जगातील सर्वांत उंच लाकडी इमारत’ म्हणतात, त्या मुळात काँक्रीटच्या असून त्यांना बाहेरून लाकूड लावलेले आहे, लाकूड दोन मजल्यांच्या वर भार घेऊ शकत नाही, ते काडेपेटीसारखे पेटते आणि शनिवारवाडा हा त्याचा पुरावा आहे, कोकणच्या पावसात आणि वाळवीत ते टिकत नाही, वादळात लाकडी घर उडून जाते, सरकारनेच लाकडावर बंदी घातली आहे, आणि उंच लाकडी इमारत म्हणजे एका जंगलाचा बळी. शेवटी सल्ला दिला आहे की, जुनी घरे मोडा आणि स्लॅब टाका. या सल्ल्याच्या भरवशावर लोक धडधाकट घरे पाडत आहेत आणि शंभर वर्षांचे खांब सरपणाच्या भावाने विकले जात आहेत, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा काँक्रीटला लाकूड लावल्याचा. यात सत्याचा एक अंश आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये पूर्ण झालेली ‘असेंट’ ही इमारत ८६.६ मीटर उंच आणि पंचवीस मजली आहे. तिचे खालचे सहा मजले काँक्रीटचे आहेत, जिना आणि लिफ्ट ज्या उभ्या गाभ्यात आहेत तोही काँक्रीटचा आहे, आणि वरच्या एकोणीस मजल्यांचे खांब, तुळया व तक्तपोशी लाकडाची आहे. तिला मिश्र इमारत म्हणणेच योग्य. व्हिएन्नामधील ८४ मीटर उंचीच्या ‘होहो’ इमारतीचा गाभाही काँक्रीटचा आहे. परंतु या दोन्ही इमारतींत लाकूड शोभेसाठी लावलेले नाही. लाकडी मजल्यांचा भार लाकडी खांबच वाहतात. ते काढले तर मजले खाली येतील.

नॉर्वेतील ब्रुमुंडाल गावी म्योसा सरोवराच्या काठावर २०१९ मध्ये उभी राहिलेली ‘म्योस्टॉर्नेट’ ही अठरा मजली, ८५.४ मीटर उंचीची इमारत तर संदेशाचा हा मुद्दा मुळातूनच खोडून काढते. तिचे खांब, तुळया आणि वाऱ्याचा रेटा घेणाऱ्या तिरप्या कैच्या ‘ग्लूलॅम’च्या आहेत, म्हणजे सुकवलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून, दाबून तयार केलेल्या अखंड लाकडी तुळयांच्या. लिफ्ट व जिन्यांच्या भिंतीही जाड लाकडी पाट्यांच्या आहेत. तिच्या वरच्या सात मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या आहेत, हे संदेश लिहिणाऱ्याने कुठेतरी वाचले असावे आणि त्यावरून त्याने निष्कर्ष काढला असावा. त्या जमिनी तेथे का आहेत, हे मात्र त्याने सांगितलेले नाही. लाकूड हलके असते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात इमारतीचा माथा जाणवण्याइतका झुलू शकतो आणि राहणाऱ्यांना त्रास होतो. वर वजन ठेवले की ते झुलणे मंदावते. इमारत उभी धरायला काँक्रीट लागले नाही. तिची हालचाल संथ करायला लागले.

दुसरा मुद्दा दोन मजल्यांच्या मर्यादेचा. चीनच्या शान्शी प्रांतात यिंगशियन येथे १०५६ मध्ये बांधलेला बौद्ध पॅगोडा दगडी जोते आणि वरचा लोखंडी कळस धरून ६७.३ मीटर उंच आहे. बाहेरून त्याचे पाच मजले दिसतात, आत आणखी चार दडलेले आहेत. गेल्या साडेनऊशे वर्षांत त्याने अनेक भूकंप सोसले. त्याच्या खांबांवर एकावर एक रचलेल्या लाकडी आधारकंसांचे जे थर आहेत, ते भूकंपात एकमेकांवर किंचित सरकतात, घासतात आणि हादऱ्याचा जोर त्या घासण्यात खर्ची पडतो. येथे लाकडाच्या बाजूने होणारी अतिशयोक्तीही थांबवली पाहिजे. ‘एकही खिळा नाही आणि हजार वर्षांत दुरुस्ती नाही’ असे या पॅगोड्याबद्दल सांगितले जाते, त्यातला दुरुस्तीचा भाग खरा नाही. त्याची वेळोवेळी दुरुस्ती झालेली आहे, आज त्याचे दुसऱ्या मजल्याचे खांब कललेले आहेत आणि वरचे मजले पाहुण्यांना बंद आहेत. तरीही दोन मजल्यांच्या मर्यादेचा दावा या एका वास्तूपुढे टिकत नाही.

इमारत सोडून केवळ बांधकाम पाहिले, तर उंची आणखी वाढते. पोलंडमधील ग्लिविट्से येथे १९३५ मध्ये उभारलेला रेडिओचा मनोरा १११ मीटर उंच आहे आणि आजही उभा आहे. तो लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा असून त्याचे सांधे पितळी बोल्टांनी जोडलेले आहेत. लोखंडाचा मनोरा रेडिओलहरींत अडथळा आणतो, लाकूड आणत नाही, म्हणून अभियंत्यांनी लाकूड निवडले. जर्मनीत म्युलाकर येथे त्याच काळात बांधलेला लाकडी मनोरा १९० मीटरचा होता. तो कुजून किंवा वाऱ्याने पडला नाही. १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच तो सुरुंग लावून उडवला.

आता आगीचा मुद्दा. हा सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. लाकूड जळते. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, क्योतोमधील तोजी मंदिराचा सुमारे ५५ मीटर उंचीचा पॅगोडा अनेकदा जळाला आणि आज दिसतो तो १६४४ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. प्रश्न असा की, जळते म्हणजे कसे जळते. चुलीत काटक्या घातल्या की भडका उडतो आणि क्षणात राख होते, पण जाडजूड ओंडका रात्रभर धुमसतो आणि सकाळी फोडून पाहिला तर आत कोरे लाकूड निघते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कारण असे की, बाहेरचा थर जळून कोळसा झाला की तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. त्यामुळे जाड लाकूड साधारण ठरावीक वेगाने आत जळत जाते, आणि हा वेग मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर धरून अभियंते हिशेब करतात.

हा हिशेब म्योस्टॉर्नेटच्या कोपऱ्यातील खांबाला लावून पाहू. तो खांब १४८५ बाय ६२५ मिलिमीटरचा आहे. दोन तास चारही बाजूंनी आग लागली तर प्रत्येक बाजूने ८४ मिलिमीटर लाकूड जळेल आणि आत १३१७ बाय ४५७ मिलिमीटरचा खांब शिल्लक राहील. वाहायच्या भारापेक्षा खांब जाड ठेवला जातो तो याचसाठी. सांध्यांतील पोलादी पट्ट्या लाकडात खोल बुडवलेल्या असतात, कारण उघडे पोलाद साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते. याशिवाय पाण्याचे फवारे असतात आणि आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून प्रत्येक कप्पा वेगळा केलेला असतो. बारीक नक्षी, पडदे, गालिचे आणि पातळ फळ्यांनी भरलेल्या जुन्या वाड्यात यातले काहीच नव्हते. म्हणून शनिवारवाड्याच्या उदाहरणावरून आजच्या जाड लाकडाच्या इमारतीचा निवाडा करता येत नाही. आपल्या जुन्या घराबद्दल मात्र काळजी घ्यावीच लागेल : माळ्यावर साठवलेला पेंढा आणि लाकडावरून उघडी नेलेली वायरिंग हीच तेथे खरी जोखीम आहे.

पाऊस आणि वाळवीच्या मुद्द्यावर मला सर्वाधिक बोलायचे आहे, कारण तो आपल्या दाराशी आहे. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने हवा दमट असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात सतत वीस टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो, आणि जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओलाव्याबरोबरच जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची वाट लागते. या दोन्ही गोष्टी तोडल्या की लाकूड टिकते. नॉर्वेतील जुन्या लाकडी चर्चचा इतिहास हेच सांगतो. तेथे सुरुवातीला खांब थेट जमिनीत पुरत आणि ते खालून कुजत; पुढे ते दगडी पायावर ठेवलेल्या आडव्या लाकडांवर उभे करू लागले. उर्नेस येथील ११३० च्या सुमाराचे असे चर्च आजही उभे आहे, आणि तेही पावसाळी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठावर.

आपल्याकडे हेच ज्ञान तळखड्याच्या रूपाने आहे. माजघरातला किंवा पडवीतला जुना खांब नीट पाहावा : तो जमिनीत पुरलेला नसतो, घडीव दगडावर उभा असतो, आणि त्या दगडाचा माथा जमिनीपेक्षा वीतभर तरी वर असतो. जोते चिऱ्याचे असते, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वासे बाहेर काढलेले असतात, आणि स्वयंपाकघराचा धूर माळ्यावरून कौलांतून निघताना आढ्याला व वाशांना काळा, कोरडा थर देतो. फणस, ऐन, किंजळ, साग यांपैकी कोणते लाकूड कोठे लावायचे, कोणते आधी पाण्यात मुरवायचे, हे सुतारांना माहीत होते. अशा घरात लाकूड कुजलेले सापडते, तेव्हा ते बहुतेक दोन ठिकाणी सापडते : फुटलेल्या कौलाखाली, आणि ओल्या भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी. तुळईचे वीतभर टोक भुसभुशीत झालेले असते आणि उरलेल्या लांबीवर पटाशी मारली तर खणखणीत आवाज येतो. त्या वीतभर टोकासाठी अख्खे घर मोडणे हा अन्याय आहे, कारण कुजलेला भाग कापून, खाच आणि कूस घालून नवा तुकडा जोडणारे सुतार अजून आपल्या तालुक्यांत आहेत.

ओलाव्यासंबंधी समुद्राचीही साक्ष काढता येते. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत मराठा आरमाराची गोदी होती, हे कोकणात सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे जे लाकूड पाण्यात टिकते, ते कौलाखाली टिकणार नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. अर्थात, युरोपातील स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड जसेच्या तसे आणून कोकणच्या पावसात उघडे ठेवले तर ते टिकणार नाही, कारण वाळवीला तोंड देण्याची सागाची नैसर्गिक शक्ती त्यात नाही. येथे उंच लाकडी इमारत बांधायची असेल तर लाकडाची निवड, औषधप्रक्रिया आणि पावसापासूनचे आच्छादन या सगळ्यांचा विचार येथल्या हवामानासाठीच करावा लागेल.

वादळाच्या मुद्द्यासाठी संदेशात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची छायाचित्रे जोडलेली आहेत. ती पुन्हा नीट पाहावीत. त्यांत उडालेली कौले आहेत, गुंडाळले गेलेले पत्रे आहेत, घरांवर कोसळलेले माड आणि आंबे आहेत. आणि पत्रे तर सिमेंटच्या भिंतींवरूनही उडालेले आहेत. वादळ छप्पर वर उचलते, म्हणून छप्पर वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला बांधलेला असला पाहिजे. म्योस्टॉर्नेट हलकी असल्यामुळे तिच्या पायातील खांब नुसता भार घेण्यासाठी नाहीत, वर उचलणारी ओढही ते सहन करतात. आपल्या घरांत वासा आणि तुळई यांच्यामध्ये लोखंडी पट्टी ठोकणे हे एका दिवसाचे काम आहे. भूकंपाचे म्हणाल तर २०२३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे दहा मजली लाकडी इमारत हलत्या मंचावर उभी करून तिला मोठ्या भूकंपांचे हादरे पुन्हा पुन्हा दिले गेले आणि तिच्या मुख्य सांगाड्याला इजा झाली नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या चिपळूणकरांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

सरकारी बंदीबद्दल थोडक्यात : केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती, तीही जंगले वाचवण्यासाठी; लाकूड कमकुवत असते म्हणून नव्हे. ती बंदी २०२० मध्ये उठवण्यात आली. खासगी घराला ती कधीच लागू नव्हती.

जंगलाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि कोकणात तो टोचणारा आहे, कारण येथल्या खासगी मालकीच्या डोंगरांवरची झाडी सरसकट तोडली जाताना आपण पाहतो. परंतु ती तोड प्रामुख्याने सरपणासाठी, कोळशासाठी आणि जमीन मोकळी करण्यासाठी होते. तीतून घराचे खांब क्वचितच निघतात. ज्या जंगलात दरवर्षी जितके लाकूड वाढते त्याहून कमी तोडले जाते, तेथून आलेले लाकूड इमारतीत असेपर्यंत हवेतून घेतलेला कर्ब धरून ठेवते. दुसरीकडे जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येते. त्यामुळे लाकूड कोठून आले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे, आणि सिमेंट कोठून आले हाही विचारला पाहिजे. जुन्या घरातल्या लाकडासाठी तर नवे झाड तोडावेच लागत नाही.

राहिला शेवटचा सल्ला, स्लॅब टाकण्याचा. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतील गज गंजतात, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यालगतच्या गावांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या अनेक स्लॅबांखाली गज उघडे पडलेले दिसतात. चांगले काँक्रीट, गजावर पुरेसे आवरण आणि गोड्या पाण्याने धुतलेली वाळू असेल तर हे बरेच लांबवता येते, पण तेवढी काळजी घेणाऱ्याने ती आधी आपल्या असलेल्या घरावर घ्यावी. पावसाळ्यानंतर एकदा कौले चाळून घ्यावीत, प्रत्येक खांबाच्या तळाशी आणि प्रत्येक तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी पेचकस दाबून पाहावा, तो जेथे आत जाईल तेथे खूण करावी, आणि त्या खुणा जाणत्या सुताराला दाखवल्यावरच घर मोडायचे की नाही ते ठरवावे.