सगळं कसं नॅचरल पाहिजे गं बाई

तर अभिनंदन, बाळ झालं. आता पहिलं काम म्हणजे बाळाला पाजणं-झोपवणं नाही, ते होतं कसंतरी, पहिलं काम म्हणजे घरातलं सगळं प्लास्टिक हद्दपार करायचं आणि त्या जागी लाकूड आणायचं. मी स्वतः दोन वर्षं हे सगळं केलंय म्हणून अधिकाराने सांगते. लाकूड पण कुठलंही नाही हं. मामाने सावंतवाडीहून हौसेने लाकडी फळांची टोपली आणली तर थँक्यू म्हणायचं आणि कपाटात टाकायची, कारण त्यातला आंबा पिवळाधमक असतो आणि मिरची हिरवीगार, एवढ्या रंगांनी बाळ ओव्हरस्टिम्युलेट होतं. आपल्याला फिक्क्या बिस्किटाच्या रंगाचं खेळणं हवंय, जे बघून बाळालासुद्धा शंका येईल की हे खेळणं आहे की पाटाचा तुटलेला पाय.

खेळण्यावर 'मॉन्टेसरी' (म्हणजे मुलांनी साधनं हाताळत स्वतःच शिकायची ती परदेशी पद्धत) लिहिलेलं असलं की तिप्पट पैसे द्यायचे, तिथे घासाघीस करायची नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी गावात बालवाडी काढली तेव्हा तसली महागडी साधनं गावातल्या पोरांना कुठून परवडणार म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं असं जे आजूबाजूला पडलेलं होतं त्यावरच शिकवायला घेतलं. पण त्या बियांना फ्री शिपिंग नव्हतं, अनबॉक्सिंग नव्हतं, त्यामुळे आपल्याला तो मार्ग बंद आहे. आपण चिंचोक्यांचा 'सेन्सरी ट्रे', म्हणजे हात घालून खेळायचं ताट, मागवायचा. हो, चिंचोके. ऑनलाइन मिळतात, खोटं नाही सांगत. आणि आल्यावर लगेच वर ठेवून द्यायचे, कारण बाळ अजून सात महिन्यांचं आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतंय.

आता लंगोट. आईने तिच्या जुन्या सुती साड्या फाडून चाळीस लंगोट शिवून ठेवलेत आणि दुपटी वेगळी, पण ते नॅचरल नाही, ते गरिबीतलं वाटतं. नॅचरल म्हणजे बांबूच्या कापडाचे, बटणं असलेले, आत वेगळी घडी सरकवायचे, ज्याचं नाव क्लॉथ डायपर आहे. ते धुणार कोण हा प्रश्न आयांच्या ग्रुपवर कुणी विचारत नाही, तूही विचारू नकोस. मावशी आहेत ना. मावशींनी रोजच्या वीस नॅपींचे महिन्याला पाचशे जास्त मागितले की खूप वाईट वाटून घ्यायचं, म्हणायचं की या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलंच नाहीये. त्यांच्या स्वतःच्या नातवाला रात्री साधा दुकानातला डायपर असतो कारण सूनबाईला पहाटे सहाला कामावर निघायचं असतं, पण तो आपला विषय नाही.

मग येतं 'एलिमिनेशन कम्युनिकेशन'. नाव ऐकून घाबरू नकोस, यात आईने बाळाचे संकेत ओळखायचे आणि वेळेवर त्याला धरायचं म्हणजे डायपरच लागत नाही. मी याचा परदेशी बाईंचा ऑनलाइन कोर्स केला, रात्री साडेनऊ ते अकरा, हेडफोन लावून. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की विशिष्ट ध्वनी काढा, आणि मी तो ध्वनी लिहून घेत असताना मागे मोरीत सासूबाई बाळाला दोन पायांवर बसवून 'शूऽऽ शूऽऽ' करत होत्या. हेडफोनमुळे ऐकू नाही आलं. कोर्सला रिफंड नव्हता.

असंच सगळं आहे बघ. आपल्या कुशीत बाळ झोपवलं तर ते मागासलेलं, त्यालाच को-स्लीपिंग म्हटलं की सायन्स. मनगटाला काळे मणी बांधले तर अंधश्रद्धा, शिकलेली मुलगी तू, काय हे. पण बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरची, म्हणजे दगड झालेल्या डिंकाची, माळ गळ्यात घातली की त्यातून म्हणे काहीतरी झिरपतं आणि दात येतानाचं दुखणं जातं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, 2018 साली इशारा दिला होता की असल्या माळांनी गळफास बसू शकतो, मणी घशात अडकू शकतो. पण सरकारी खात्यांचं कोण ऐकतं, माळ दिसते किती गोड.

दुधाबद्दल मात्र कडक राहायचं. सहा महिने फक्त आईचं दूध, हे डब्ल्यूएचओ पण सांगते, डॉक्टर पण सांगतात आणि ते बरोबरच आहे, यात माझी काही चेष्टा नाही. चेष्टा पुढे आहे. समजा कमी पडलं आणि डॉक्टरांनीच पावडर सांगितली, तर तो डबा तांदळाच्या पिंपामागे ठेवायचा, जशी काकांची बाटली असायची तसा. 1992 मध्ये सरकारने कायदा करून या पावडरींच्या जाहिराती बंद केल्या त्या कंपन्यांना आवरायला, पण आपण आयांनी त्यात स्वतःलाच आरोपी करून घेतलंय आणि रात्री दोनला चमच्याचा आवाज न करता दूध कालवतो.

मधाचं बोट मात्र अगदी बिनधास्त चाटवा असं सांगणाऱ्या दहा जणी भेटतील, कारण मध कसा शुद्ध, जंगलातला, प्रक्रिया न केलेला. वर्षाच्या आत मध नको असं डॉक्टर म्हणतात, बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते त्याने. त्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणूही शंभर टक्के ऑरगॅनिक असतात म्हणा.

आणि लसी. जन्मतः बीसीजी-पोलिओ हॉस्पिटलने तुला न विचारता उरकलं, ठीक आहे, पण दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, इथून पुढे तू 'रिसर्च' करायचास. रिसर्च म्हणजे रील. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराच्या लसीला म्हणायचं थांबू थोडं, बॉडीला स्वतःची इम्युनिटी बनवू दे. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं गेली, पण ते गोवंडीत. आपण पुण्यात बाणेरच्या सोसायटीत राहतो, आपल्या गेटवर गोवराला आधी ओटीपी विचारतील.

हे सगळं मी एकदा आमच्या आजेसासूबाईंना समजावून सांगत होते, वय वर्षं सत्त्याऐंशी, म्हटलं आजी तुमच्या काळी कसं सगळं नॅचरल होतं ना, घरीच बाळंतपण, ना इंजेक्शन ना काही. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "हो तर. नऊ झाली, पाच राहिली." आणि मला म्हणाल्या की काड्या जाड आहेत, त्या टाक बाजूला. मी तेवढ्यात व्हिडिओ चालू केला होता, आजीच्या ज्ञानाचं रील करायचं म्हणून, तो डिलीट केला. असलं कंटेंट चालत नाही. तू आजीचे फक्त हात घे फ्रेममध्ये, सहाणेवर जायफळ उगाळताना, मागे बासरी. तोंड नको, आजी बोलतात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले लस द्यायला. ते कुठे टाकलं नाही.

शेवटची एक टीप, ही कोर्समध्ये नसते. एक डायपरचं पाकीट घरात असू दे, माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे, तिथे भाद्रपदापर्यंत कुणी हात घालत नाही. निदान मला तसं वाटायचं. एकदा रात्री अडीच वाजता बांबूची सगळी कापडं ओली, बाहेर पाऊस, बाळ रडतंय, नवरा घोरतोय, मी स्टूल शोधत होते तर सासूबाई उठून आल्या, सरळ माळ्यावर हात घातला, पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी मोठा साइज आण गं, हे मांडीला काचतात त्याच्या."