उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नव्हे

‘शेणखताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या म्हणजे हुमणी, ते खत शेतात टाकलं की ऊस गेलाच,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (हुमणी म्हणजे पिकांची मुळं खाणारी अळी.) तो तसाच्या तसा खरा नाही.

खड्ड्यातल्या बोटभर लांब, जाडजूड अळ्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या कुजणारं शेण, पालापाचोळा, सडलेली लाकडं खातात. उसाची जिवंत मुळं हे त्यांचं अन्नच नाही. त्यांचा खरा त्रास माडाला. अळीतून पुढे होणारा काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा माडाचा कोवळा सुरळीतला कोंब पोखरतो आणि झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. म्हणून नारळ-सुपारीच्या बागेजवळ खड्डा असेल तर अळ्या वेचाच.

हुमणी मातीत राहते आणि ऊस, भुईमुगाची मुळं कुरतडते. तिचे तपकिरी भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत.

शंका असेल तर अळी उलटी धरून शेपटाकडचं टोक भिंगातून पाहा. गेंड्याच्या अळीची गुदद्वाराची चीर आडवी असते, हुमणीची इंग्रजी वाय अक्षरासारखी.

कच्चं खत टाळा, हा सल्ला मात्र बरोबरच आहे; त्यातून हुमणीही शेतात येऊ शकते. पण अळ्या दिसल्या म्हणून अख्खा खड्डा फेकू नका. अळ्या वेचा, खत पूर्ण कुजू द्या, मग खुशाल वापरा.